ओले असतानाच

कोरड्या केसांना फणी लावायची नाही.
एवढं कळायला मला एकतीस वर्षं लागली.

शाळेत असताना रविवारी
आई मला दोन गुडघ्यांत धरून बसायची.
फणीचे दात मोडायचे, माझेही ओठात रुतायचे.
“कुणावर गेलीस गं बाई,
आमच्यात असलं झुडूप न्हाई कुनाचं.”
मग तेल, चप्प भांग, दोन वेण्या,
भुवया वर ताणल्या जाईपर्यंत घट्ट.
वर्गाच्या प्रत्येक फोटोत
मी कशानं तरी दचकलेली आहे.

आता मी सांगलीत, मार्केट यार्डात,
हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते.
सौद्याच्या दिवशी पिवळी धूळ उठते,
इतरांच्या खांद्यावर बसते,
माझ्या केसांत मुक्कामाला येते.
शेट म्हणतात, “वैजयंताबाई,
पावशेर घरी घेऊन चाललात की!”

म्हणून बुधवार आणि रविवार. रोज नाही,
रोज धुतलं की कडब्याची गंजी.
माधवनगरच्या बोअरला क्षार फार.
बादलीच्या काठावरची पांढरी रेघ
मी दर महिन्याला घासत होते;
तीच डोक्यावरही साचत असेल
हे काही सुचलं नव्हतं.
शेवटचे दोन तांबे नळाचे, कृष्णेचे.
शाम्पू मुळाशी, पेरांनी, नखांनी नव्हे.
कंडिशनर टोकांना, भरपूर, कंजूषपणा नको.
आणि ते अंगावर असतानाच रुंद दातांची फणी,
आधी टोक, मग मधलं, मग वर.
गाठ आली तर ओढायचं नाही,
बोटांनी विचारायचं.

टॉवेलही नको. भावाचा मंडळाचा टीशर्ट,
धुऊन धुऊन ज्यातला गणपती पुसट झालाय, तो.

राहिला जवस. दोन चमचे, दोन वाट्या पाणी, मंद आच.
तार सुटली की गरम असतानाच गाळायचं,
थांबलात तर गाळणीसकट गेलं.
आई दारात उभी:
“चटणीचा जवस डोक्याला?
मग भाकरीसंगं काय खाऊ, शाम्पू?”
पहिल्यांदा इतका थापला
की केस पापडासारखे वाजले,
एस्टीत मागच्या बाईनं हात लावून बघितला.

फेब्रुवारीत अण्णा ट्रकवरून घसरले.
मिरजेचा दवाखाना, मांडीत सळई,
दोन ऑपरेशनं, तीन महिने.
अण्णांचं डोकं मी कायम तासलेलंच पाहिलेलं,
वर टोपी, झोपेतसुद्धा.
पहिल्या महिन्यात काटे आले.
दुसऱ्यात कापूस.
तिसऱ्यात एका सकाळी त्यांनी उशीवर मान वळवली
आणि कानामागे एक वेटोळं.
माझं.

मी आईकडे बघितलं.
आई अण्णांकडे बघत होती, चौतीस वर्षांनी.
“लग्नातबी टोपीच हुती,” ती म्हणाली.

अण्णा भिंतीशी बोलले:
“चौथीत मास्तर म्हनायचा, मेंढरू आलं.
पोरं ब्यां करायची.
एक दिस न्हाव्याला म्हनलं, साफ कर.
तवापास्नं सुरूच हाय.”

महिन्यातून दोनदा, त्रेपन्न वर्षं.
मी हिशेब लिहिणारी बाई,
बाराशे बहात्तर.

रविवारी लोणच्याच्या बरणीतून जवस नेला.
सिस्टरनं वाटीभर पाणी दिलं.
“वडू नगंस,” अण्णा म्हणाले, डोळे मिटून, आधीच.
“ओढत नाही. ओले आहेत.”
खालून वर मुठीत धरायचं, दाबायचं, सोडायचं.
पलीकडच्या खाटेवरचे कवठेमहांकाळचे पाव्हणे
उठून बसून बघत होते.

झाल्यावर अण्णांचा हात हळूहळू वर निघाला.
“हात लावायचा नाही,” मी म्हटलं,
“वाळेपर्यंत.”

हात तिथंच थांबला,
डोक्यापासून चार बोटं अंतरावर.
खाली काही त्यांनी घेतला नाही.